ताटात गहू नाही, दूध नाही

तलासरी तालुक्यातल्या पाड्यांवर मुलांच्या ताटात भात असतो, नागलीची भाकर असते, उडदाची डाळ असते. पावसाळ्यात रानभाज्या आणि खेकडे, एरवी सुकट. गहू येतो तो रेशनमधून, अंगणवाडीच्या पाकिटातून आणि चहात बुडवायच्या बिस्किटातून. दूध त्याहून कमी. बऱ्याच वारली घरांत गाय पाळायची ती नांगराच्या बैलासाठी आणि तिचं दूध सोडायचं वासराला, अशी जुनी रीत. मुंबईच्या म्हशींसाठी दापचरीला सरकारी दुग्धप्रकल्प उभा राहिला, पण त्यामुळे पाड्यावरच्या चुलीवर दूध तापू लागलं नाही. स्वमग्न मुलांसाठी मुंबई-पुण्यात गहू आणि दूध वर्ज्य करणारा जो महागडा आहार सांगितला जातो, त्याच्या बराच जवळ जाणारा आहार इथे गरिबीनं आणि रिवाजानं पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तरीही या पाड्यांवर स्वमग्न मुलं आहेत.

एवढ्यावरून शास्त्र मांडता येत नाही, हे मला कळतं. त्याला मोजणी लागते, तुलना लागते. पण ‘पोळी आणि दूध बंद करा, मूल बोलू लागेल’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, की मला हे पाडे आठवतात.

मी आयुर्वेदाची पदवीधर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकात वैद्यकीय अधिकारी म्हणून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत काम केलं. हा देशव्यापी कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरातूनच. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. पथकात डॉक्टर, औषधनिर्माता, परिचारिका आणि फिरायला एक गाडी. अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची, शाळेतली एकदा. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब अशा चार गटांत मिळून तीसेक गोष्टी पाहायच्या. त्यातल्या विकासाच्या गटात एक ओळ वर्तनदोषाची, म्हणजे ऑटिझमची, स्वमग्नतेची.

ही ओळ भरणं सगळ्यांत अवघड. दंडघेर मोजायला पट्टी पुरते, पापणी खाली ओढली की रक्त कमी आहे का याचा अंदाज येतो. इथे तसं काही नाही. मूल नजरेला नजर देतं का, असा प्रश्न पुस्तकात असतो. पाड्यावर आमची गाडी दिसली की ‘सुईवाले आले’ म्हणून निम्मी पोरं पळतात आणि उरलेली जमिनीकडे बघत उभी राहतात; त्या कसोटीवर अख्खी अंगणवाडी स्वमग्न ठरेल. मूल लुटुपुटूचं खेळतं का, असा दुसरा प्रश्न. त्यासाठी इथे बाहुली किंवा खेळण्यातला फोन दाखवून उपयोग नाही. पानाची भाकर थापतं का, करवंटीत भात शिजवतं का, काठीचा गळ करून खोटेखोटे मासे धरतं का, हे विचारावं लागतं. तिसरा प्रश्न बोलण्याचा. घरात वारली, काही घरांत गुजरातीच्या वळणाची बोली आणि अंगणवाडीत मराठी. अंगणवाडीत मुकं बसणारं मूल घरी तोंड मिटत नाही, असं कितीदा तरी निघतं. म्हणून मुलाकडे वळण्याआधी मी आजीला आणि सेविकाताईंना विचारू लागले : विमान गेलं तर हे बोट करून तुम्हांला दाखवतं का? शेळी व्यायली तर हात धरून न्यायला येतं का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून जेवढं कळतं, तेवढं अर्धा तास मुलाकडे पाहूनही कळत नाही.

अशाच एका पाड्यावर चार वर्षांचा एक मुलगा दाखवायला आणला होता. बोलत नव्हता. हाक मारली तरी वळत नव्हता, पण दूरवरून मोटारसायकल आली की सगळ्यांत आधी याला कळायचं. तेव्हा ऐकू येत असावं, असा घरच्यांचा अंदाज. बाटलीचं झाकण जमिनीवर फिरवत तासन्‌तास बसायचा. मध्येच किंचाळून डोकं आपटायचा. आजीचं म्हणणं, पोटुशी असताना सुनेनं ग्रहण पाळलं नाही. भगताकडे नेऊन झालं होतं. आईनं मात्र वेगळंच विचारलं. त्याला तीन-तीन, चार-चार दिवस शौचाला होत नाही, तेव्हाच तो जास्त ओरडतो, हे तिनं नीट पाहून ठेवलं होतं. “ताई, ह्याचा पोट बंद हाय म्हणून बोली बंद हाय का?” आणि थोड्या वेळानं, दबकत : “का सिकलसेलसारखा माझ्या रक्तातून आला?” ती सिकलसेलची वाहक होती, तपासणीत मिळालेलं कार्ड तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं.

पोट की रक्त? जगभरचे संशोधक ज्यावर भांडतात, ते दोन्ही प्रश्न या बाईनं कुडाच्या घरासमोर उभं राहून मला विचारले होते.

पोटाचा प्रश्न मला जवळचा. आमच्या शास्त्रात बहुतेक रोगांचं मूळ मंदावलेल्या अग्नीत शोधायला शिकवतात. त्यामुळे आतड्यातले सूक्ष्मजीव आणि मेंदू यांच्या नात्यावर नवं संशोधन येऊ लागलं, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना आपलंच म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं. मलाही ते वाचायची ओढ लागली. वाचत गेले तसा उत्साह बेताचा झाला.

या कथेची सुरुवातच बदनाम आहे. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरनं बारा मुलांवरचा एक लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणला आणि आतड्याची सूज, ऑटिझम आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची लस यांची सांगड घातली. २०१० मध्ये तो लेख ‘लॅन्सेट’नं मागे घेतला आणि वेकफील्डचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. पण लसीबद्दलची धास्ती मागे घेता आली नाही. त्याच सुमारास सिक्रेटिन या पचनाशी संबंधित संप्रेरकाचं इंजेक्शन दिल्यावर मुलं सुधारतात अशी हवा झाली; १९९९ मध्ये खरं औषध आणि खोटं औषध यांची तुलना झाली, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. गहू-दूध वर्ज्य करण्याचे जे काटेकोर प्रयोग झाले, ते लहान होते आणि त्यांतूनही भरवसा ठेवावा असा फायदा पुढे आला नाही.

सूक्ष्मजीवांचं संशोधन याहून गंभीर आहे, ते उडवून लावण्यासारखं नाही. २०१३ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात आतड्यात विशिष्ट जिवाणू सोडल्यावर त्यांच्या वागण्यात फरक पडला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात अठरा स्वमग्न मुलांच्या आतड्यांत निरोगी माणसांचे सूक्ष्मजीव सोडले. पोटाच्या तक्रारी कमी झाल्या, वागणंही सुधारल्याचं नोंदवलं गेलं. मात्र तिथे तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, आणि आपल्या मुलाला काय दिलं हे प्रत्येक पालकाला माहीत होतं. मग २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातून २४७ मुलांचा अभ्यास आला आणि त्यानं गाडीपुढे बैल आहे की बैलापुढे गाडी, हेच विचारलं. स्वमग्न मुलं मोजकेच पदार्थ खातात. वास, स्पर्श, रंग वेगळा असला की ताट ढकलतात. आहार एकसुरी, म्हणून आतड्यातल्या जिवाणूंचे प्रकार कमी. म्हणजे आतड्यामुळे स्वमग्नता येण्यापेक्षा स्वमग्नतेमुळे आतडं बदलतं, ही शक्यता जास्त.

हे मला डहाणू स्टेशनजवळच्या एका व्यापारी घरात अगदी जवळून दिसलं. तिथला मुलगा पोळी, दूध आणि एका ठरावीक कंपनीचं बिस्किट एवढंच खायचा. मुंबईतल्या एका दवाखान्यानं त्याच्या शौचाचा नमुना तपासायला पाठवला होता. पानंच्या पानं भरून जिवाणूंची नावं, काही लाल रंगात, काही हिरव्या. नेमकं कोणते जिवाणू किती असले म्हणजे मूल स्वमग्न नाही, याचं सर्वमान्य माप वैद्यकात अजून नाही. त्यामुळे त्या लाल-हिरव्याला अर्थ काय, हे मला सांगता येईना. सल्ला मात्र स्पष्ट होता : गहू बंद, दूध बंद, साखर बंद. जो मुलगा तीनच पदार्थ खातो त्याचे तिन्ही पदार्थ काढून घेतले. तो उपाशी राहू लागला, वजन घटलं, आणि घरात रोज जेवणाच्या वेळी युद्ध. आई म्हणाली, “मॅडम, आम्ही आणखी थोडे दिवस कळ काढायला हवी का?” मी म्हटलं, पहिल्यांदा त्याला पोटभर जेवू द्या. बालरोगतज्ज्ञांशी बोलून पोळी-दूध परत सुरू झालं, मग हळूहळू एकेक नवा पदार्थ. अतिमर्यादित आहारामुळे स्वमग्न मुलांना स्कर्व्हीसारखे, पुस्तकात राहिलेत असं वाटणारे आजार झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. कमतरतेशी झगडणाऱ्या जिल्ह्यात बसून पोसलेल्या मुलाला मुद्दाम कमतरतेकडे ढकललेलं पाहणं फार जड जातं.

तलासरीच्या त्या मुलाचं पोट मात्र खरंच दुखत होतं. बद्धकोष्ठाचं औषध नियमित सुरू केलं, पाणी वाढवलं, जंताची गोळी दिली, किडलेल्या दाढेसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. काही आठवड्यांत डोकं आपटणं बरंच कमी झालं, रात्री झोप लागू लागली, अंगणवाडीत मांडीवर बसू लागला. आजी भगताला विसरून माझं नाव घेऊ लागली. बोलणं आलं नाही. झाकण फिरवणं सुटलं नाही. मुलाला पोट दुखतं हे सांगता येत नव्हतं, म्हणून तो डोकं आपटत होता. दुखणं गेलं, तसं आपटणं गेलं. स्वमग्नता होती तिथेच होती. आहार बदलून ‘चमत्कार’ झाल्याच्या ज्या गोष्टी ऐकू येतात, त्यांतल्या पुष्कळशा अशाच असाव्यात. २०१४ मधल्या एका मोठ्या आढाव्यानुसार पोटाच्या तक्रारींची शक्यता स्वमग्न मुलांत इतर मुलांच्या सुमारे चौपट असते. तेव्हा पोटावर उपचार करायलाच हवेत, पण ते पोटासाठी.

आणखी एक गोष्ट पालघर जिल्ह्यात काम करणाऱ्याच्या ध्यानात येते. खराब आतडी इथे जागोजागी आहेत. गढूळ पाणी, वारंवार जुलाब, त्यातून आतड्याच्या अस्तराची झीज. खाल्लेलं अंगी लागत नाही, उंची खुंटते. असं कुपोषित मूलही मलूल असतं, उशिरा बोलतं, खेळत नाही. पण त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवून खाऊ घातलं की थोड्या दिवसांत ते हसतं, आईच्या तोंडाकडे बघतं, हात पुढे करतं. त्याचं परत येणारं हसू ही तब्येत सुधारल्याची खूण आम्ही मानतो. स्वमग्न मुलाचं वजन वाढतं, पण तो तुमच्या बोटाच्या दिशेनं बघत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि इथे ते बहुधा एकाच मुलात भेटतात.

आता रक्ताचा प्रश्न. आनुवंशिकता म्हणजे काय हे या भागात सिकलसेलनं शिकवलं. एकच जनुक, त्यात एकच बदल. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. हा हिशोब आशाताईसुद्धा पाटीवर मांडून दाखवतात. ऑटिझमचा हिशोब असा मांडता येत नाही. १९७७ मध्ये ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्यांवरून सूज़न फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी दाखवलं, की याची मुळं मोठ्या प्रमाणावर आनुवंशिक आहेत. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या नोंदींवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला, आणि २०२० मधल्या एका अभ्यासानं १०२ जनुकांकडे बोट दाखवलं. यांतले काही बदल आईत नसतात, वडिलांतही नसतात. बीज तयार होतानाच नवे घडतात. काही मुलांत फ्रॅजाइल एक्ससारखा एकच ठळक दोष सापडतो, बहुतेकांत अनेक बारीक फरकांची बेरीज असते. शिवाय मुदतपूर्व जन्म, गरोदरपणातला रुबेला, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध, यांचाही काहींत हात असतो.

हे सगळं त्या आईला कसं सांगायचं? मी तिच्याच घराकडे हात केला. सिकलसेल म्हणजे घराची एक मेढ किडणं. कोणती ते दाखवता येतं. हे म्हणजे कुडातल्या शेकडो कारव्या जन्मापासून निराळ्या विणल्या गेल्या आहेत. भिंत उभी आहे, पण वीण वेगळी. कोणती कारवी तू लावलीस आणि कोणती बापानं, हे कुणालाच सांगता येणार नाही. तिनं कुडाकडे पाहिलं आणि विचारलं, “मग माझा दोष नाय?” मी नाही म्हणाले. एवढं ऐकायलाच ती आली होती, असं मला वाटलं.

कारण शोधण्याच्या नावाखाली फार वेळा आरोपी शोधला जातो, आणि तो बहुतेकदा आईच निघते. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करून हे निदान जगापुढे आणलं. पुढं ब्रुनो बेटलहाइम वगैरे मंडळींनी थंड, मायाहीन आयांवर ठपका ठेवला. बर्नार्ड रिमलँड या स्वमग्न मुलाच्या वडिलांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून तो खोडून काढायला सुरुवात केली. नंतर आतड्याची कथा आली, तिच्यातही बोट आईकडेच : सिझेरियन का झालं, अंगावरचं दूध का पाजलं नाही, अँटिबायोटिक का घेतलं? सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदर बायकांना पॅरासिटामॉल टाळायला सांगितलं आणि ते मोबाइलवरून इथल्या गावांतही पोचलं. स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांच्या २०२४ मधल्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध उरला नव्हता. पण आपल्याकडच्या बाईला गरोदरपणात हिवतापाचा ताप चढला आणि तिनं भीतीपोटी गोळी नाकारली, तर त्या तापाचं काय? जनुकांचं उत्तरही निरपराध नाही. ‘सुनेच्या रक्तात दोष’ म्हणून सिकलसेलच्या कार्डावरून मोडत आलेले संसार मी पाहिले आहेत. पाड्यावरचं ग्रहण आणि शहरातला शौचाचा अहवाल, दोन्हींचा शेवट आईच्या मान खाली घालण्यात होत असेल, तर दोन्हींमधला फरक फक्त खर्चाचा.

कारणावर एवढं बोलून झाल्यावर मुलाचं पुढं काय, हा प्रश्न उरतोच. तलासरीहून मुंबईला न्यायचं म्हणजे जीपनं स्टेशन, मग विरारची लोकल, मग पुढची गाडी. दोघांची मजुरी बुडते. एकदा कानाची तपासणी आणि निदान यांसाठी ही यातायात करावीच लागते, कारण ऐकू येत नसल्यामुळे न बोलणारं मूल आणि स्वमग्न मूल यांत गल्लत झाली तर दोघांचंही नुकसान. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्पष्टपणे नोंदलेला आहे. पण दर आठवड्याच्या थेरपीसाठी हा प्रवास कुणालाही झेपणारा नाही. बहुतेक कुटुंबं दोन-तीन खेपांनंतर थांबतात, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली की सहा महिने आम्हांलाही भेटत नाहीत.

यावरचं उत्तर दूर नाही. गोवा आणि रावळपिंडी इथे ६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईवडिलांना मुलाशी संवाद साधण्याची रीत दाखवली : मूल ज्यात रमलं आहे त्यात आपण शिरायचं, त्याच्या खुणेची वाट पाहायची, कमी बोलायचं. पालकांचा मुलाशी सूर जुळू लागला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. आणि घरापर्यंत शाळा नेण्याची कल्पना तर डहाणू तालुक्याचीच. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघांनी अंगणात वाडी भरवली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा नेली. आज देशभर जी अंगणवाडी दिसते, तिचं नाव आणि कल्पना याच मातीतून गेली. स्वमग्न मुलासाठी शंभर किलोमीटरवरचा कक्ष गाठा असं सांगण्यापेक्षा त्याच्या सेविकाताईला हे शिकवणं अधिक इथलं, अधिक स्वस्त आणि अधिक टिकणारं आहे.

झाकण फिरवणाऱ्या त्या मुलासाठी सेविकाताईंनी तेच करून पाहिलं. त्याच्यासमोर बसून त्याही झाकण फिरवू लागल्या, मग आपलं झाकण लपवून त्याच्याकडे हात पसरू लागल्या. आधी तो वळून बसायचा. पुढं झाकण त्यांच्या तळव्यावर ठेवू लागला. अजून शब्द नाही, पण देणं-घेणं सुरू झालं आहे.

आतडं की जनुक, हा वाद प्रयोगशाळेत चालू द्यावा. तो खरा वाद आहे आणि त्यातून उद्या काही हाती लागेलही. पण ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी त्याच्या निकालासाठी थांबू नये. दीड-दोन वर्षांचं मूल हाकेला वळत नसेल, बोटानं काही दाखवत नसेल, तर आधी कान तपासून घ्या आणि अंगणवाडीत किंवा बालरोगतज्ज्ञाला दाखवा. पोट दुखत असेल, शौचाला खडा होत असेल, दात किडला असेल, तर त्यावर उपचार करा. लस चुकवू नका. कुणाच्या सांगण्यावरून ताटातला घास काढून घेऊ नका. शौचाच्या अहवालावर घालायचे पैसे हाताशी असतील, तर ते मुलाला शिकवणाऱ्या माणसावर घाला. आणि घरातल्या बाईला, तू काय खाल्लंस, काय घेतलंस, कुठलं ग्रहण पाळलं नाहीस, हे विचारणं आजपासून बंद करा.